आजीची वखार: सात तास चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून चार गोष्टी कशा झाल्या

१५ जानेवारी २०२४, संक्रांत. निपाणीला आजीच्या सोप्यात तीळगूळ वाटून झाला होता. आजी सहज बोलून गेली, "तवा कसला गूळ बाळा, वखारीतनं येताना अंगावर तंबाखूची धूळ तेवढी घिऊन यायचो." मी मोबाईल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. डोक्यावर पंखा फिरत होता, आत कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, बाहेर पोरं पतंगाच्या नावानं ओरडत होती. ती पहिली बावीस मिनिटं पुढं कुठल्याच गोष्टीत वापरता आली नाहीत. तरी ती मी पुसलेली नाहीत, कारण आजी सगळ्यात मोकळी त्याच रेकॉर्डिंगमध्ये बोलली आहे.

त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत नऊ महिने गेले. घरोघरी म्हाताऱ्या माणसांचे आवाज मोबाईलमध्ये पडून आहेत आणि त्यांचं पुढं काय करायचं ते कुणाला उमगत नाही. मलाही उमगत नव्हतं. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहिते.

मी बेळगावात एका खासगी ऑफिसात हिशेबाचं काम करते. आवाजाचं, व्हिडिओचं शिक्षण काही नाही. आजी ब्याऐंशीची. अकराव्या वर्षापासून साठीपर्यंत तिनं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम केलं: तंबाखू चाळायची, काडी वेगळी काढायची, पोती भरायची. घरात आम्ही हे सगळं एका वाक्यात ऐकत आलो होतो, "आजी वखारीत होती." त्या वाक्याच्या आत काय आहे, हे मी अडतीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. हे मला फार लागलं, आणि काम अर्ध्यावर सोडलं नाही ते त्यामुळंच.

फेब्रुवारीत कॉलरचा माईक घेतला, ११५० रुपये. बेळगाव ते निपाणी साधारण पंचाहत्तर किलोमीटर. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं बायकांना सरकारी बस फुकट, त्यामुळं प्रवासाला एक रुपया लागला नाही. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा आणि त्यावर कर्नाटकातला पत्ता असू द्या. कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट देतो, ते उतरेपर्यंत सांभाळायचं. माझी चुलत बहीण कोल्हापूरहून यायची, तिला पूर्ण तिकीट पडायचं.

दुसऱ्या बैठकीत माईक पदराला लावला. घरी येऊन ऐकलं तर सगळीकडं खसखस. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ती बोलताना हलते आणि माईकला घासते. माळ काढ म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि तसं म्हणणं बरंही नव्हे. पुढच्या वेळी माईक खांद्याच्या मागं, उशीच्या अभ्र्याला लावला आणि आजीला त्या उशीला टेकून बसवलं. आवाज थोडा लांबून आला, पण स्वच्छ आला. पंखा बंद, फ्रीजचा प्लग काढलेला. आपल्याकडच्या विजेची घरघर ५० हर्ट्झची असते. ती नंतर थोडीफार काढता येते, पण मुळातच आली नाही तर माणसाचा आवाज भरीव राहतो. फ्रीजचा प्लग परत लावायची आठवण म्हणून मी स्वतःच्या चपला फ्रीजसमोर ठेवायचे. चपलांशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्यामुळं विसर पडत नाही.

मोबाईल मुळात आवाज दाबून, लहान करून साठवतो. सेटिंगमध्ये जाऊन वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असं निवडलं. अशा एका तासाच्या मोनो रेकॉर्डिंगला जेमतेम अर्धा जीबी लागतो, स्टिरिओला एक. जागा जाते, पण पुढं कितीही कापाकापी केली तरी मूळ आवाज शाबूत राहतो.

प्रश्नांचंही शिकावं लागलं. "लहानपणाबद्दल सांग" म्हटलं की आजी म्हणायची, "काय सांगू, गरिबी व्हती." तिथंच संपायचं. मग मी विचारलं, "सकाळी घरातनं निघताना हातात काय असायचं?" त्यावर ती चाळीस मिनिटं बोलली. फडक्यातली भाकरी, त्यावर मिरचीचा गोळा, आणि डोळ्यांना बांधायला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी, कारण धूळ डोळ्यांत गेली की दिवसभर पाणी वाहायचं. आठ आणे हाजरी. दार सातला उघडायचं, सव्वासातला गेलं की अर्धी हाजरी कापली जायची. हातात धरता येईल अशा वस्तूबद्दल विचारलं की म्हातारी माणसं बोलतात, एवढं मी खात्रीनं सांगते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाच बैठका झाल्या. एकूण सात तास चाळीस मिनिटं.

मग लिहून काढायचं काम. दहा मिनिटांचं बोलणं ऐकून उतरवायला मला तास लागत होता. म्हणून आवाजावरून आपोआप मजकूर करणारं एक ॲप वापरलं. आजीचं मराठी निपाणीचं, मध्ये कानडी येतं. मुकादम कानडी होता, बायकांच्या मागं उभा राहून "बेग बेग" म्हणायचा, म्हणजे लवकर लवकर. ॲपनं लिहिलं, "बॅग बॅग". "साकु", म्हणजे पुरे, त्याचं झालं "साखर". हे निदान डोळ्यांना खुपतं, दुरुस्त करता येतं. खरं नुकसान दुसरीकडं होतं. आजी "व्हतं" म्हणते तिथं "होतं" छापलं जात होतं, "आमी"चं "आम्ही", "न्हाई"चं "नाही". पानंच्या पानं शुद्ध मराठी. मी दोन दिवस तेच वाचत बसले आणि मला कळलंही नाही की हे आजीचं बोलणं राहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी इअरफोन लावून सोबत वाचायला घेतलं तेव्हा कानात एक बाई आणि कागदावर दुसरीच. त्यानंतर ॲपचा मजकूर फक्त शोधाशोधीसाठी ठेवला, कुठल्या मिनिटाला काय आहे ते सापडावं म्हणून. जी वाक्यं गोष्टीत येणार होती ती सगळी कानानं ऐकून हातानं लिहिली. एक दोनशे पानी वही त्यात गेली.

वहीत तीन रकाने आखले: मिनिट-सेकंद, काय बोलली, आणि दाखवायला काय आहे. तिसरा रकाना जवळजवळ रिकामाच होता. घरात आजीच्या लग्नाचा एक फोटो, तोही काचेला चिकटलेला. चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, वरचा थर काचेबरोबर जातो. काच तशीच ठेवून, खिडकीशी तिरकी धरून, फ्लॅश न मारता मोबाईलनं वीस-पंचवीस फोटो घेतले, त्यातला एक चांगला आला. बाकी नातेवाईकांकडून चौतीस फोटो जमले. ते स्टुडिओत ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेतले, एकाला पंधरा रुपये, एकूण ५१०. त्यांत वखारीचा एकही नाही. वखारीत कोण फोटो काढणार.

तेव्हा आजीच्या शाळेचा दाखला मिळाला तर निदान एक कागद दाखवता येईल असं वाटलं. आजी चौथीपर्यंत शिकली, सरकारी मराठी शाळेत. ११ मार्चला तिथं गेले. मुख्याध्यापक बोलायला चांगले होते. म्हणाले, अर्ज द्या, कानडीत द्या, आणि ज्यांचा दाखला त्यांचीच सही हवी. मी कानडी बोलते, पण लिहिताना अडखळते. ऑफिसातल्या मैत्रिणीनं अर्ज लिहून दिला, सोबत आजीच्या आधारची झेरॉक्स. आजीनं सही केली, मोठ्या वळणदार अक्षरात, चौथीत शिकलेल्या.

पुढच्या खेपेला जुनी रजिस्टरं असलेल्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती. तोवर निवडणुकीची आचारसंहिता लागली, शिक्षक त्या कामाला जुंपले गेले. आमच्याकडं मतदान ७ मे रोजी होतं. मध्येच उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली. मी तीनदा जाऊन परत आले, दोनदा रजा टाकून. कोणी उद्धटपणे बोललं नाही, पण बसस्टँडवर उन्हात उभं राहून वाटायचं की एका ओळीसाठी हे कशाला. ज्यांना असा कागद हवा असेल त्यांनी मार्च ते मे हे महिने सोडूनच द्यावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मात्र पहिल्याच दिवशी घ्या. जूनमध्ये गेले तेव्हा त्या पोचेवरच्या तारखेमुळं मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

१८ जूनला रजिस्टर टेबलावर आलं. लांबट, कापडी पुठ्ठ्याचं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मुख्याध्यापकांनी दोन कोरे कागद घेतले आणि आजीच्या ओळीच्या वर एक, खाली एक ठेवला, म्हणजे दुसऱ्या कुणाचं नाव फोटोत येऊ नये. त्यांच्या या काळजीचं मला फार बरं वाटलं. मधल्या फटीत एक ओळ, निळ्या-काळ्या शाईत. नाव. जन्मतारीख १ जून १९४२. आपल्याकडं शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लावायचे, निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी. शाळा सोडली १९५३. आणि सोडण्याचं कारण: घरकाम.

रजिस्टर बंद करताना पुढची पानं उलटली गेली. छापील मथळ्यात मुंबई राज्य असं होतं. काही पानं पुढं गेल्यावर "मुंबई" या शब्दावर शाईची आडवी रेघ आणि वर हातानं लिहिलेलं "म्हैसूर". १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. नवीन रजिस्टरं छापून येईपर्यंत कोणीतरी गुरुजी पानोपान बसून ते खोडत असणार. त्या पानाचा फोटो मी मागितला नाही, त्यावर दुसऱ्या मुलांची नावं होती.

आजीला मोबाईलवर तिची ओळ दाखवली, मोठी करून. तिनं बोट ठेवत ठेवत वाचली. "घरकाम" या शब्दावर बोट थांबलं. म्हणाली, "घरकाम न्हाई. वखार. तुझं ते यंत्र चालू हाय का? घाल त्यात. घरकाम न्हाई, वखार." मोबाईल चालूच होता. पहिली गोष्ट आता याच वाक्यानं सुरू होते.

सरकारी कागदाला आजीनं असं उत्तर दिल्यावर मला गोष्टींचा आकार दिसला. तासाभराचा एक माहितीपट करायचा विचार सोडून दिला. सहा ते नऊ मिनिटांच्या चार गोष्टी करायच्या: शाळा आणि वखार, चाळण, लग्न, आणि १९८१.

चाळणीच्या गोष्टीत अडचण अशी की आजी तोंडानं कमी आणि हातांनी जास्त सांगते. रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणते, "अशी धरायची, मग असं, असं." नुसत्या आवाजात त्याचा काय अर्थ लागणार? म्हणून जुलैत धाकट्या भावाला घेऊन गेले आणि फक्त हातांचा व्हिडिओ घेतला. आजीनं स्वयंपाकघरातली पिठाची चाळण घेतली. दोन्ही कोपर पोटाशी टेकवलेले, मनगटं ढिली, चाळण गोल न फिरवता पुढं-मागं, आणि दर चौथ्या हिसक्याला उजवा अंगठा कडेवर टक्‌ करून आपटायचा, म्हणजे जाळीत अडकलेली काडी उडते. पिठाच्या चाळणीत काडी नव्हती, तरी अंगठा आपटतच होता. चाळणीचं ते टक्‌, टक्‌ आम्ही वेगळं रेकॉर्ड केलं. आवाज मार्चचा, हात जुलैचे, पण दोन्ही एकत्र ठेवल्यावर "असं, असं"चा अर्थ लागला.

आवाज साफ करायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, ते फुकट आहे. ज्या जागी कोणी बोलत नाही असा दोन सेकंदांचा तुकडा निवडून तेवढाच गोंगाट सगळीकडून काढता येतो. पण हात आखडता ठेवा. मी पहिल्यांदा जोर लावला तर आजी टाकीच्या तळाशी बसून बोलल्यासारखी वाटायला लागली. थोडी सरसर राहिली तरी चालते.

१५ ऑगस्टला सुट्टी होती, आजीला पहिला खर्डा दाखवायला नेला. मी खाली तंबोऱ्याचे सूर घातले होते, मधल्या अडखळण्याच्या जागा कापल्या होत्या. तीन गोष्टी तिनं गप्प बसून पाहिल्या. लग्नाच्या गोष्टीतलं एका नातेवाइकाचं नाव काढ म्हणाली, त्याची पोरं अजून गावात आहेत. ते त्याच दिवशी काढलं. माईक लावून रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मी एक पानी संमतीपत्र मराठीत वाचून दाखवलं होतं, त्यात "नंतर नको वाटलं तर काढता येईल" हे वाक्य होतं. ते वाक्य तिच्या लक्षात होतं.

चौथी गोष्ट १९८१ ची. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या दरासाठी शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर बसले होते. कित्येक दिवस रस्ता बंद होता, आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. आजी तेव्हा एकोणचाळीसची. माल वखारीत येतो तो त्यांच्याच शेतातनं, हे ठाऊक असलेल्या तिच्यासारख्या बायकांनी भाकऱ्या बांधून पाठवल्या होत्या, असं ती सांगते. कुणाच्या हाती पाठवल्या ते सांगते. मग "त्या दिशी" म्हणते आणि थांबते.

ती गोष्ट संपली. आजीनं मोबाईल माझ्या हातात दिला.

"आवाज माझा हाय. पर मी एवढ्या घाईत बोलले न्हाई."

मी म्हटलं, "मधली गॅप होती ती काढली गं, लांब होती."

"मी गप बसलेली कुठं गेली मग?"

त्या रात्री बेळगावला परतताना बसमध्ये मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं. "त्या दिशी" नंतर अडतीस सेकंद. भिंतीवरचं घड्याळ, लांबून एक रिक्षा, आजीचा श्वास. एकदा ओठ उघडल्याचा आवाज येतो, शब्द येत नाही. मग, "जाऊं दे. भाकरीची टोपली परत आली न्हाई कंदी."

मी ती अडतीस सेकंदं कापून दोन केली होती आणि वर तंबोरा लावला होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

सप्टेंबरभर तेच काम केलं. चारही गोष्टींतून तंबोरा काढला. थांबलेल्या जागा परत घातल्या, जिथं नुसता खोकला होता तेवढा सोडून. पण अडतीस सेकंद शांत असलेला व्हिडिओ बघताना घरातले लोक अडकला म्हणून मोबाईलवर बोट मारायला लागले. त्यावर उपाय म्हणून खालच्या अक्षरांत एक ओळ घातली: "आजी थांबली आहे." पडद्यावर तेव्हा तिचे मांडीवर ठेवलेले हात आहेत. आता कोणी बोट मारत नाही.

खालची अक्षरं दोन भाषांत केली. धारवाडला राहणारा माझा नऊ वर्षांचा भाचा शाळेत कानडी शिकतो. मराठी त्याला कळतं, वाचता येत नाही. कानडी मजकूर एका शेजारच्या बाईंनी करून दिला, त्या हायस्कूलला कानडी शिकवायच्या. वखारीला काय म्हणायचं असं मी विचारलं तर म्हणाल्या, "वखारच की, आम्ही पण तेच म्हणतो." पैसे घेईनात, मग एक खण दिला. अक्षरांची फाईल एसआरटी प्रकारची, व्हिडिओपासून वेगळी ठेवली. चूक सापडली तर साध्या लिहायच्या ॲपमध्ये उघडून दुरुस्त होते, सगळा व्हिडिओ पुन्हा बनवावा लागत नाही. मराठी ओळींत "व्हतं" आणि "न्हाई" तसंच ठेवलं. पुण्यातल्या एका काकांनी शुद्धलेखन सुधार म्हणून सुचवलं. त्यांचं मन मोडून मी तसंच ठेवलं.

खर्चाचा हिशेब: माईक ११५०, हार्ड डिस्क ४६००, स्कॅनिंग ५१०, सहा पेन ड्राईव्ह २१००, एका दिवसाचं प्रोजेक्टरचं भाडं ८००. एकूण ९१६० रुपये. कॉम्प्युटर होताच. मूळ सात तास चाळीस मिनिटांची एक प्रत माझ्याकडं, एक भावाकडं दुसऱ्या गावी, एक ऑनलाईन. फाईलच्या नावातच तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते लिहिलंय, नाहीतर पाच वर्षांनी "रेकॉर्डिंग ७" म्हणजे काय ते मलाच सांगता येणार नाही.

१२ ऑक्टोबरला दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर निपाणीच्या सोप्यातल्या भिंतीवर चारही गोष्टी लावल्या. चोवीस माणसं होती. चाळणीच्या गोष्टीच्या वेळी मागं बसलेल्या दोन शेजारणींचे अंगठे मांडीवर आपटायला लागले. त्याही वखारीतल्या. आजी पुढं खुर्चीवर, माळ हातात घेऊन. त्या अडतीस सेकंदांत कोणीच हललं नाही, पोरंसुद्धा.

दिवे लावल्यावर भाचा उठून तिच्या खुर्चीपाशी गेला. "पणजी, बेग बेग अंदवरु यारु?" बेग बेग म्हणणारा कोण होता?

"मुकादम," आजी म्हणाली. "बस खाली, सांगते. त्याच्या पायात करकरणारं पायताण असायचं, त्यावरनं कळायचं आमाला कुठं उभा हाय त्ये."

करकरणाऱ्या पायताणाचं हे आधी कधी बोलली नव्हती. मी उशी आणली, माईक लावला आणि पंखा बंद केला.